पट्टीश्वरमच्या दाराबाहेर

असे अनुभव मी आजवर वाचत आले ते रागानेच. कुणाची गाडी चुकली आणि देवाने टांगा धाडला, कुणाचा ताप उतरला आणि उशाशी अंगारा सापडला. वाचून मनात यायचं, ज्यांची गाडी चुकते आणि टांगा येतच नाही त्यांचं काय? ज्यांचा ताप उतरत नाही त्यांच्या उशाशी देव का फिरकत नाही? माझा हात पत्रकं लिहिण्यात घडला आहे. एका पानात बाजू मांडायची, समोरच्याला बोलायला जागा ठेवायची नाही आणि खाली ‘विचार करा!’ म्हणून उद्गारचिन्ह ठोकायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे जे सांगायला बसले आहे ते नीट सांगता येईल की नाही याची मलाच शंका आहे. पुरावा म्हणून हे लिहीत नाही. माझ्या बहिणीची मुलगी हरवली होती, ती कशी सापडली तेवढं लिहिते.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. तंजावरची गादी खालसा झाली तेव्हा पणजोबांची दरबारातली चाकरी गेली आणि आमचं घर कावेरीकाठच्या या गावात आलं. आमचे अप्पा शाळेत गणित शिकवतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी आमची रीत. पुण्याकडचा एखादा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालात हसतो. हसो बापडा. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पापनाशमला दिली होती. ती बाळंतपणाला माहेरी आली, बरोबर सहा वर्षांची अंबू होती. त्याच महिन्यात मी मद्रासहून घरी आले होते, पिशवीभर पत्रकं घेऊन. देवळांची दारं सगळ्या जातींना उघडा, असं त्यात लिहिलं होतं. जोवर माझ्या गावातला एकही माणूस गोपुराबाहेर थांबवला जातो तोवर मीही आत पाऊल टाकणार नाही, अशी शपथ खाली माझ्या नावानिशी छापली होती. अप्पांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “शुद्धलेखन बरं आहे.”

अक्का गेली. कशी गेली ते थोडक्यात लिहिते. खिडक्या बंद केलेली खोली, आत शेगडीचा धूर, दारापाशी सुईण आणि आत्या. मी तीनदा म्हटलं, इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. तीनदा उत्तर आलं, आमच्यात असं कुणी बोलावत नाही. अखेर अप्पा स्वतः उठून गेले, बाई धावत आल्या, पण तोवर उशीर झाला होता. मूलही राहिलं नाही. यावर मी वेगळं लिहिणार आहे आणि ते वाचून आमच्याच घरातले लोक माझ्याशी बोलायचे थांबले तरी चालेल. इथे तो विषय नाही. इथे विषय अंबूचा आहे.

अंबूला आदल्या रात्रीच समोरच्या घरी नेऊन ठेवलं होतं. पण समोरच्या घराला खिडकी होती. सवाष्ण गेली म्हणजे तिला आमच्यात कसं पाठवतात ते मराठी घरात सांगायला नको. अक्काला हळद लावून न्हाऊ घातलं, कुंकवाच्या रंगाची कोरी साडी नेसवली, वेणी माळली, ओटी भरली. गल्लीतल्या बायका रांगेने आल्या, तिच्या पायांना हात लावून गेल्या. मग तिला उचलून नेलं. हे सगळं त्या मुलीने खिडकीचे गज धरून पाहिलं. रडणं तिला ऐकू आलं असेल, पण लग्नात पाठवणी होते तेव्हाही बायका रडतातच. संध्याकाळी तिने विचारलं, “आई नटून कोठें गेली?” आणि आत्याने उत्तर दिलं, “पट्टीश्वरमला, दुर्गेकडे. नवस बोलली होती, तो फेडून येईल.”

आत्या म्हणजे अप्पांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी राहिलेली. अक्काला आणि मला तिनेच वाढवलं. तिने हे खोटं प्रेमानेच सांगितलं, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

“आत्या, तिला खरं सांगा.”

“काय सांगूं? सहा वर्षांच्या लेकराला काय सांगूं? बारावा होऊं दे, मग पाहूं.”

“तोवर ती वाट बघत बसेल.”

“बसूं दे. वाट पाहतें आहे, जेवतें आहे, निजतें आहे. तुझें खरें ऐकून ती जेवेल काय? तुझें खरें तुझ्या कागदांत ठेव बाई. घरांत नको.”

अक्काचे यजमान सुतक धरून ओसरीवर बसलेले होते. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान फिरवली. अप्पा म्हणाले, “तिच्या बापाचीही हीच इच्छा आहे. तू गप्प राहा.” मी बाहेर तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारच्या ओट्यावर जाऊन बसले. अंबू माझ्या शेजारी येऊन बसायची. पाय हलवत गल्लीच्या टोकाकडे बघायची. कुठलीही बैलगाडी वळली की उभी राहायची आणि गाडी पुढे गेली की पुन्हा बसायची. शेजाऱ्यांच्या घरात कुणी हसलं तरी मला चीड येत होती.

मग एका दुपारी ती ओट्यावर नव्हती. पुरुषमाणसं क्रियेसाठी घाटावर गेली होती, आत्याचा जरा डोळा लागला होता, मी मागे विहिरीवर धुणं धूत होते. आधी समोरच्या घरी पाहिलं. मग गोठ्यात, माळ्यावर. मग विहिरीत वाकून पाहिलं. तो आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. कावेरीला नवं पाणी आलं होतं, गावाभोवतीचे सगळे कालवे काठोकाठ वाहत होते आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मी धावत घाटावर गेले. अप्पा ओल्या पंच्यात उभे होते, हातात दर्भ. मला बघताच त्यांना कळलं. “अंबू?” एवढंच म्हणाले आणि ते आणि भावजी दोघेही एकदम पाण्याकडे वळले. ते मला बघवलं नाही.

घरी परत आले तर आत्या अक्काची ट्रंक उघडून जमिनीवर बसली होती. होणाऱ्या बाळासाठी अक्काने झबली आणि टोपडी शिवून ठेवली होती. त्यांचं गाठोडं ट्रंकेत नव्हतं. आत्याचं तोंड पांढरं पडलं होतं. “सकाळीं विचारत होती मजला,” ती म्हणाली, “आई बाळाला घेऊन येईल, मग बाळाचे कपडे कां विसरली? मी म्हटलें, असूं दे. असूं दे म्हटलें ग मी.”

ती पट्टीश्वरमला निघाली होती. दोन कोस वाट, मध्ये अरसलार नदी आणि तिच्यापलीकडे भाताची खाचरं आणि कालवे.

कोपऱ्यावर काद्दरचा जटका उभा होता. जटका म्हणजे आमच्याकडची एक घोड्याची गाडी. काद्दर मला ओळखत होता, कारण आठवडाभर आधी मी कुंभेश्वराच्या सन्निधीत, म्हणजे देवळासमोरच्या रस्त्यात, उभं राहून पत्रकं वाटली होती. त्याने चाबूक उचलला, पण तोंड काही थांबलं नाही.

“अम्मा, त्या दिवशी देवळात जाऊ नका म्हणून ओरडत होतीस. आज घोडं देवळाकडेच पिटाळायला सांगतेस!”

“जाऊ नका नाही, सगळ्यांना जाऊ द्या असं म्हणत होते. हाक तू.”

“हाकतोय. तुझा तो कागद शेंगदाणेवाल्याकडे बघितला. चांगला जाड आहे.”

 त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. त्यानंतर नदीचा पूल येईपर्यंत तो नुसता घोड्याला दामटत राहिला. भेटेल त्याला मी विचारत होते. लाल परकर, मोकळे केस, हातात गाठोडं. पुलावरच्या विड्याच्या पानवाल्याने हात पुढे केला: गेली, अशी गेली. एकटीच. तिला त्याने हटकलं नव्हतं. का हटकलं नाहीस म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो तरी काय करणार? त्याला ती मोठ्या ऐटीत चाललेली दिसली, म्हणाला, जणू हिचं लग्नघर पुढच्याच वळणावर आहे.

पुलापलीकडे वाट कालव्याच्या काठाने जाते. मोठी वाट लांबून वळसा घेते, पण पायी जाणारे कालव्यावर टाकलेल्या ताडाच्या खोडावरून पलीकडे उतरतात. तिथे काद्दरने एकाएकी लगाम खेचला. खोडाच्या खालच्या अंगाला बाभळीची एक फांदी पाण्यात वाकली होती आणि तिच्या काट्यात एक झबलं अडकलं होतं. पांढरं, गळ्याला पिवळा गोट. पाणी त्याला ओढत होतं, झबलं फुगत होतं आणि पुन्हा चपटं होत होतं.

काद्दर फेटा काढून तसाच पाण्यात उतरला. छातीपर्यंत पाणी. त्याने बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली. मी काठावर उभी होते. गावभर ज्या तोंडाने भांडत होते त्या तोंडातून हाकही फुटेना. आजवर प्रत्येक गोष्टीवर मला काहीतरी म्हणायचं असायचं. चूक कुणाची, उपाय काय, कुणाला जाब विचारायचा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या काठावर जाब विचारायला कुणीच नव्हतं. पाणी होतं आणि ते वाहत होतं. मी खाली बसले. माती हातात धरली. आणि म्हटलं, मोठ्याने म्हटलं, काद्दरनेही ते ऐकलं: “माझ्याच्याने होत नाही. आता तू बघ.” कुणाला म्हटलं ते मला ठाऊक नव्हतं. देवीचं नाव घेतलं नाही, हात जोडले नाहीत. फक्त आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ एकही मुद्दा उरला नव्हता.

पलीकडच्या खाचरात बायका रोपं लावत होत्या. त्यांतली एक कंबर सरळ करून ओरडली, “काय शोधता तिथे? साप आहेत त्यात!”

काद्दरने ओरडून सांगितलं, मुलगी, लाल परकर.

“ती होय! ती केव्हाच गेली पलीकडे. खोडाच्या मध्यावर येऊन थांबली होती, पुढे येईना, मागे जाईना. गाठोडं सुटलं तिचं, त्यातलं काहीतरी पडलं. आम्ही इकडून ओरडत होतो, हलू नकोस म्हणून. तेवढ्यात ती म्हातारी आली आणि हात धरून घेऊन गेली.”

“कोण म्हातारी?” मी विचारलं.

“आम्हाला काय माहीत! तुमच्यातलीच असेल. तुमची ती भाषा बोलत होती मुलीशी. आम्हाला वाटलं आजी आहे.” आणि दुसरीला म्हणाली, “बघ, आजीने नेली आणि ही इथे रडतेय. काय घर आहे!” दोघी हसल्या आणि पुन्हा वाकल्या. त्यांच्या हसण्याचा मला मुळीच राग आला नाही.

पण जीव अजून टांगलेलाच होता. कोण म्हातारी? आमच्या घरातलं कुणी नव्हतं. पट्टीश्वरमला मराठी घरं थोडी, ती सगळी माहितीची. परक्या बाईने सोन्याच्या बाळ्यांसाठी मुलं पळवल्याच्या गोष्टी मद्रासला मी ऐकल्या होत्या. काद्दर कुडकुडत गाडीवर चढला आणि घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजत राहिले. मला एकच दिसत होतं. अंबू देवळात शिरली असेल आणि गर्दीत आईला हाका मारत फिरत असेल. एकेका लाल साडीच्या मागे धावत असेल. दुर्गा तिथे उत्तरेच्या गोपुरातून आत गेलं की लगेच आहे, आणि तिच्यापुढे नेहमीच लाल साड्यांची रीघ असते.

गोपुरापुढे गाडी थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी उडी मारली आणि धावले. शपथ आठवली का, असं मला पुढे कुणीतरी विचारलं. आठवली. सुतक आठवलं का? तेही आठवलं. सुतक म्हणजे घरच्या घरात पाळलेली अस्पृश्यता, असं मीच एकदा लिहिलं होतं. शपथ आणि सुतक, दोन्ही मोडून मी आत जाणार होते. उंबऱ्यावर पाय पडणार तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी माझा पदर ओढला.

“मावशी, आंत जाऊं नको.”

गोपुराच्या भिंतीला टेकून, चपला ठेवतात त्या जागेच्या थोडं पलीकडे, अंबू बसली होती. मांडीवर गाठोडं. गाल मळलेले, डोळे सुजलेले. मी तिला इतकी घट्ट धरली की ती ओरडली. मग मी विचारलं, का ग, आत का नको?

“आपल्याला सुतक आहे.” मोठ्या माणसासारखं समजावत ती म्हणाली. “आई मेली.”

मी खालीच बसले. घरातल्या कुणाच्याही तोंडून न निघालेला तो शब्द तिच्या तोंडून असा सरळ आला, आणि तो उच्चारून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने त्या क्षणी माझ्यावरही विश्वास ठेवला असता. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि त्या डोळ्यांत बघणं मला फार जड गेलं.

“हो,” मी म्हटलं. “मेली.”

तेव्हा ती रडली. पोटातून रडली. लोक थांबून बघू लागले, कुणीतरी केळं पुढे केलं. काद्दर ओल्या कपड्यांत मध्ये उभा राहिला आणि सगळ्यांना हाकलू लागला, “बाजार आहे का? चला, चला!”

शांत झाल्यावर तिने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. खोडावर तिला भीती वाटली, तेव्हा म्हातारी आली. आपल्यासारखंच बोलत होती. तिने विचारलं, कोणाकडे चाललीस? अंबूने सगळं सांगितलं. नवी साडी, ओटी, पाया पडणाऱ्या बायका, खांद्यावरून नेलेली आई, बाळाचे विसरलेले कपडे. म्हातारी तिचा हात धरून देवळापर्यंत चालत आली. दारात मात्र थांबली आणि म्हणाली, “बाळे, तुजला आंत जातां येणार नाही. आई मेली म्हणजे घराला सुतक येतें. आई आंत नाही. ती आतां कोठेंच भेटायची नाही.” मग अंबू रडली का? रडली. म्हातारीने काय केलं?

“माझ्याजवळ बसली.”

“तिला तरी आत जायचं असेल ना?”

“मी म्हटलें, तूं जा. तुजला सुतक नाही. तर ती म्हणाली, तूं बाहेर आहेस तोंवर मीही बाहेरच.”

“मग गेली कुठे?”

“आत्तां गेली. म्हणाली, घुंगरूं वाजतात, तुझें माणूस आलें.”

मी उठून चौफेर पाहिलं. गोपुराच्या आतून बायका बाहेर येत होत्या, लिंबांच्या माळा, तुपाचे दिवे. बाहेर फुलवाल्या, दोन भिकारी, एक गाय. काद्दरने दोन्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. फुलवालीने मुलीजवळ कुणीतरी बसलेलं पाहिलं होतं. म्हातारी होती की तरुण, ते तिला आठवेना.

घरी पोचलो तेव्हा सगळे दारात होते. अंबू जटक्यातून उतरली आणि थेट आत्याकडे गेली. “आत्ते, मजला ठाऊक आहे,” एवढंच म्हणाली. आत्याने तिला उचललं, तशी आत नेली आणि आतून दोघींचं रडणं ऐकू आलं. ओसरीवर बसलेले तिचे वडील इतके दिवस दगडासारखे होते, ते उठून आत गेले. पाठोपाठ अप्पा. त्या घरात अक्का गेल्यापासून प्रत्येकजण कोपऱ्यात तोंड लपवून, मुलीला दिसणार नाही असा रडत होता. त्या संध्याकाळी सगळे एका जागी, तिच्यासमोर, तिच्याबरोबर रडले. मी दारात उभी होते. मग आत्यानेच मला हाक मारली.

नंतर मी चौकशी केली. स्वभावच तो. पट्टीश्वरमची मराठी घरं, पापनाशमची, तंजावरची माहितीची माणसं. तशी म्हातारी कुणाकडे नव्हती, कुणाकडे पाहुणी आली नव्हती. कुठूनतरी यात्रेला आलेली कुणीतरी असेल. मुलीच्या बोलण्यावरून तिला सगळं कळलं असेल. असेल. ज्याला जे मानायचं ते मानावं, मी वाद घालणार नाही, आणि मी वाद घालणार नाही म्हणते याचंच माझ्या मैत्रिणींना जास्त आश्चर्य वाटतं.

मला जे समजलं ते एवढंच. खरं सांगायचं म्हणून मी घराशी भांडत होते आणि खरं म्हणजे लोकांच्या हातात द्यायचा कागद, असं समजत होते. तो दिला की पुढे चालू लागायचं. त्या बाईने मुलीला माझ्या मनातलंच वाक्य सांगितलं, एक अक्षरही मऊ केलं नाही, आणि सांगून झाल्यावर ती उठली नाही. ते बसणं मला सुचलं नसतं. काठावर मी हात टेकले तेव्हा कुठेतरी कुणीतरी त्या मुलीचा हात आधीच धरलेला होता. माझ्या हाक मारण्याने काही घडलं असंही मी म्हणू शकत नाही. मी नुसती उशिरा पोचले आणि काम झालेलं होतं.

मी अजून पत्रकं काढते. गोपुराच्या आत अजून जात नाही आणि दारं उघडेपर्यंत जाणार नाही. पण पट्टीश्वरमच्या बाजूला गेले की त्या भिंतीपाशी, आत जाऊ न दिलेली माणसं जिथून कळसाला नमस्कार करतात तिथे, त्यांच्यात बसते. पूर्वी तिथे बसले असते तर रागाने दाराकडे बघत बसले असते. आता माझ्या शेजारी कोण बसलं आहे ते बघते, आणि मन भरून येतं.